धाव उतरताना

मार्गशीर्ष वद्य ४, शके १८५९

आज मिरचीला पाणी. सकाळपासून मोट. गुडघे दुखतात. बैलही थकले — डावा धावेच्या उतारावर मध्येच थांबून माझ्याकडे बघतो, जसं काही आता मीच ओढायला हवं.

तरी एक कविता जमली. नेहमीसारखी — पहिली ओळ बैल धाव उतरताना, दुसरी ते मागे सरत वर येताना. यापेक्षा लांब कविता मला कधी आली नाही. विहिरीला मोटेचा नाडा जेवढा, तेवढीच.

धाव उतरता उतरता दिस कलला गं
पाणी धरता धरता तुझा हात थकला गं

सोजरा पाटाच्या टोकाला होती. एक वाफा भरला की दुसऱ्यात पाणी वळवायचं — लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. दुसरी ओळ संपली आणि तिथून होकार आला, "हाव."

पास!

वद्य ५

पूर्वी असं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिच्या डोळ्यांवर गायलो. ती वाफ्यातून ओरडली — "नाही!" शेजारच्या शेतात उत्तमराव हसून हसून खाली बसला. अजून विचारतो, काहो कविराज, आज पास का नापास?

"नाही" आलं की ओळ मोडायची. पुन्हा धाव उतरायची. एकेका शब्दासाठी दिवस गेले. पेरणीच्या कविता, ज्वारीच्या राखणीच्या, तिच्यावरच्या — सगळ्या अशा भांडून झाल्या. आता दोन वर्षं झाली, प्रत्येकीला हाव. हात बसला म्हणायचा. म्हातारपणी का होईना.

वद्य ८

खामगावहून चिंतामण मास्तरांचा निरोप. वाचनालयात येऊन कविता म्हणा, लोकांना आवडल्या तर छापू.

जायचा कंटाळा. जाणार.

वद्य ११

काल छकड्यातून शेगाव, तिथून रेल्वे, जलंबला गाडी बदलून खामगाव. आज परत. अंग मोडून आलंय.

वाचनालयात वकील, कारकून, शाळेतले शिक्षक. माझ्या पागोट्याकडे बघत होते. जुन्या कविता म्हटल्या तेव्हा बघायचे थांबले. एक म्हातारे कारकून डोळे मिटून बसले, शेवटपर्यंत. मग मी नव्या काढल्या — म्हातारपणाच्या. छान, छान म्हणाले. कुणीतरी चहाचं विचारायला उठलं.

मास्तर स्टेशनापर्यंत सोबत आले. बराच वेळ सरकीच्या भावाचं बोलले. गाडी लागल्यावर म्हणाले, "किसनराव, राग मानू नका. जुन्या कवितांत तुमच्याशी कुणीतरी भांडतंय. नव्यांत तुम्ही एकटेच आहात."

जुन्या छापू, म्हणाले. नव्यांचं तुम्ही ठरवा, संक्रांतीपर्यंत कळवा.

मी म्हटलं, मास्तर, नव्या तर सगळ्या पास आहेत. त्यांना काही कळलं नाही.

वद्य १२

एकटा काय? पाटाच्या टोकाला ती उभी असते ना!

वद्य १४

सोजरा ओसरीवर ज्वारी निवडत होती, माझ्याकडे पाठ. माझ्या हातून भरली घागर सुटली. पितळेची. पायऱ्यांवरून आपटत अंगणात गेली. कुत्रं उठून पळालं. सोजराने मान वळवली नाही.

समोर जाऊन बसलो. ऐकू येत नाही का, विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. कधीपासून असं बघते, आठवेना.

"दोन सालं झाले," म्हणाली. "पह्यले एक कान गेला. मंग दुसरा."

सांगितलं का नाहीस?

"तुमी गाऊन राह्यले होते. काऊन सांगू?"

मग हाव कशाला म्हणतेस?

"पानी आलं का म्हनते."

माझी दुसरी ओळ संपते, त्याच सुमाराला मोटेचं पाणी पाटातून तिच्या पायांशी पोचतं. ती हाव म्हणते. पाण्याला.

दोन वर्षं!

पौष शुद्ध १

मोट चालवली. तोंड मिटून. प्रत्येक खेपेला टोकाकडून हाव आलं.

शुद्ध २

तेच.

शुद्ध ४

उत्तमराव बांधावर तंबाखू मळत उभा होता. काहो कविराज, परीक्षा बंद? मी म्हटलं, परीक्षा घेणारं माणूस गेलं. बोललो आणि जीभ चावली — सोजरा चार पावलांवर भाकरी घेऊन येत होती. मग लक्षात आलं, जीभ चावायची गरज नव्हती.

भाकरी खाल्ली. बोलायला आता तिच्यासमोर उभं राहावं लागतं, आणि मला उभं राहवत नाही.

मास्तरांना कळवायचं ठरवलं. नव्या राहू द्या. त्या कुणी ऐकल्याच नाहीत.

शुद्ध ५

अजून कळवलं नाही. पाय सुजलेत.

शुद्ध ६

दुपारी बैल सोडले. सोजरा पाटावरून थेट वर आली, पाय चिखलाने भरलेले. म्हणाली, "तुमचं तोंड बंद हाय. मले टोकाहून दिसते." मला धावेच्या दगडावर बसवलं. स्वतः समोर बसली.

"म्हना."

म्हटली — ती थकल्या हातांची. सावकाश, एकेक शब्द. तिने पुन्हा म्हणायला लावली. मी पुन्हा म्हटली. ती ओठांवरून नजर न काढता ऐकत होती. दुसरी ओळ संपली. पाणी नव्हतं, पाट कोरडा होता.

"नाही," म्हणाली.

मग पदराला हात पुसत उठली.

"माहा हात नाही थकला. तुमी थकले. तसं लिवा."

ओळ मोडली.