कागदी फुलं

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

लग्नाची तयारी आम्ही दोघंच घरी करतोय. पत्रिका मी हाताने लिहिल्या, टपालात नवरदेव स्वतः टाकून आले. सजावटीची कागदी फुलंही तेच करतात; हात फार सुबक आहे.

काल एका फुलाची पाकळी सुटली. तिच्यावर माझ्या अक्षरात तुझा पत्ता होता.

"अगं, तूच एक जास्तीची लिहिली होतीस," ते हसून म्हणाले.

लिहिली असेन का? आठवेना. ते बाहेर गेल्यावर बाकीची फुलं उलगडली. माझ्याकडची सगळी नावं सापडली. फुलं पुन्हा होती तशी वळून ठेवली.

हे पत्र मीच टाकतेय. लग्न वीस तारखेला आहे. तू चार दिवस आधी ये, आणि येणार आहेस हे त्यांना कळवू नकोस.

तुझी धाकटी