कपाटातलं रोप

ती. बाबा, नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

माझा विज्ञानाचा सराव पाठ झाला. ज्या बाईंच्या हाताखाली मला ठेवलंय, त्या म्हणजे पाठ्यपुस्तकाला फुटलेलं तोंड! मुलांनी दोन कुंड्यांत वाटाणे पेरले होते. एक कुंडी खिडकीत ठेवली, एक कपाटात. पुस्तक म्हणतं, उजेडाशिवाय रोप वाढत नाही. पण कपाटातलंच दुप्पट वाढलं. पिवळं, लुळं, तरी उंच. मुलं हरखून गेली. असं का झालं, हे विचारायचं सोडून बाईंनी कात्री काढली आणि ते रोप खिडकीतल्यापेक्षा बुटकं करून टाकलं. वर मला म्हणतात, "पोरांचा उगाच गोंधळ नको." डोंबलाचं शिकवणं!

ती कुंडी रोज बघणाऱ्या मुलीने मला हळूच विचारलं, "बाई, वहीत खरं लिहू की परीक्षेचं?"

माझे मार्क त्या कात्रीवाल्या बाईंच्याच हातात आहेत. मी म्हणाले, "परीक्षेचं."

आईला यातलं काही कळू देऊ नका. ती सगळ्यांना सांगत फिरते, लेक शिकवते म्हणून.

तुमची,
धाकटी