अप्पांची नाव आणि ट्रकचा दिवा

प्रिय पारू,

तुझं कार्ड मिळालं. तुझा मल्लू रांगायला लागला हे अप्पांना वाचून दाखवलं, तर नातवाचं पुन्हा वाच म्हणाले. त्यांचं उजवं अंग अजून हलत नाही. जीभ मात्र ठणठणीत आहे. दिवसभर बाजेवरून मला नाव कशी दुरुस्त करायची ते सांगतात, आणि मी केलेलं एकही काम त्यांना पटत नाही. थकले गं मी. इकडे सगळं बरं आहे असं लिहायला बसले होते, पण तुला खोटं काय लिहू?

अप्पा पडल्यापासून नाव काठावर पालथी होती. उन्हानं फळ्यांचे सांधे उकलले. त्यात श्रीमंत पाटलांचा निरोप आला, "घटस्थापनेला तुळजापूरला जाणारी माणसं नदी उतरायची हायेत. तवर नाव चालू झाली न्हाय, तर उतार दुसऱ्याला देऊ." उतार, म्हणजे नाव चालवायचा हक्क, गेला की सुगीला घरोघरून मिळणारं धान्यही गेलं. निजामाचं राज्य गेलं, आता महाराष्ट्रही झाला, पण बोरी नदीवरचा आपला पूल अजून बोलण्यातच आहे. शेवटी मीच पदर खोचला. सडकेच्या कामावरून डांबर मागून आणलं, सांध्यांत काथ्या ठोकला, वर डांबर ओतलं. हात घासून घासून सोलले, तरी जेवताना डांबराचा वास येतोच.

गेल्या वर्षी तिन्हीसांजेला नाव खडकावर घासली होती, म्हणून पुढं दिवा लावायचं मनात होतं. नळदुर्गला ट्रका दुरुस्त करणारा महांतप्पा मिस्त्री आहे ना, त्यानं एका मोडक्या ट्रकचा दिवा आणि जुनी बॅटरी दिली. स्वतः येऊन बसवूनही दिला. दिवा काही लागेना! बटण बदललं, बल्ब बदलला. तो घाम पुसत, "ट्रकात तर लागतुय की!" म्हणत डोकं धरून बसला. मी म्हटलं, बॅटरीला दोन खुंट्या, मग दिव्याला तार एकच कशी? तर म्हणतो, "दुसरी लागत न्हाय अक्का, बॉडीतनं येती." अगं, ट्रकची बॉडी लोखंडाची, आपली नाव सागवानी, लाकडातून वीज कुठून येणार! पोट धरून हसले मी. अप्पाही हसले, किती दिवसांनी. मग मी दुसरी तार ओढली आणि पलीकडच्या काठावरच्या बाभळी लख्ख दिसल्या.

नाव आता पाण्यात आहे. दगड भरलेली पोती घालून मी एकटीनं पलीकडं नेली, परत आणली. आत थेंब नाही. पण तिच्यात बसायला कोणी तयार नाही. तुला आपली रीत ठाऊकच आहे. दुरुस्त केलेल्या नावेत आधी गावची लेक कडेवर लेकरू घेऊन बसते, तिची ओटी भरायची, तिला पलीकडं नेऊन आणायचं, मग गाव बसतं. पाटलांची प्रेमला लेकरू घेऊन माहेरपणाला आली आहे, म्हणून मी विचारायला गेले. तिची आई दारातूनच म्हणाली, "बाईनं ठोकलेली नाव, त्यात रांडवेनं. माझी लेक कशी बसवू?" फार लागलं गं. मीही याच गावची लेक, पण माझं कपाळ पांढरं आणि कूस रिकामी. मी बसून भागत नाही.

म्हणून हे पत्र. पारू, मल्लूला घेऊन तू बसशील का? ओटी नागम्मा काकू भरतील. वल्हं माझ्या हातात असेल. नदीला पाणी मोठं आहे, हे मी लपवत नाही. नाव बुडणार नाही अशी माझी खात्री आहे, पण खात्री माझी आणि लेकरू तुझं. तुझ्या यजमानांना विचार, तुझ्या मनालाही विचार. नारळ आणि खण मी मुद्दामच आणून ठेवलेले नाहीत, म्हणजे तुला नाही म्हणायला जड जाणार नाही.

तू आली नाहीस तरी तुझीच,
शरणाक्का