वरची बाजू

श्रीमती ऐमांकुल सेरगाझीकीझी बेक्तुरोवा यांस,

अल्माटी, रविवार, १३ ऑक्टोबर

सप्रेम नमस्कार. पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करण्याचा प्रघात आहे. तो येथे लागू होत नसल्याने वगळतो. मायन्यात पूर्ण नाव लिहिले ते इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या पत्रव्यवहाराच्या सवयीमुळे. पुढे 'तू' असेच लिहीन.

माझी प्रकृती ठीक आहे. दर शुक्रवारी तुझ्या नावाने सात शेल्पेक तळून शेजाऱ्यांना देतो. आरंभी त्या पोळ्यांचा आकार कास्पियन समुद्रासारखा होई. आता अरलसारखा होतो, म्हणजे लहान आणि कडेने वाळलेला. शेजारी त्या मुकाट्याने खातात. त्यांच्या मनात तुझ्याविषयी किती आदर आहे, हे त्यावरून कळते.

पत्रास कारण की, आपल्या तेरेक्ती रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका झाली आहे, आणि माझ्या एका लेखनदोषामुळे ती चुकीच्या बाजूस झाली आहे. मंडळाच्या दप्तरात तशीच नोंद आहे.

रस्ता तुला ठाऊक आहे. सकाळी साडेसातला अशी कोंडी होते की बसमधली माणसे पायी चालणाऱ्यांकडे हेव्याने पाहतात. ऑगस्टमध्ये नगर-कार्यालयाचे पत्र आले: मार्गिका एकाच बाजूस बसेल, कोणत्या ते रहिवाशांनी कळवावे. एका बाजूस आपली इमारत आणि तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या अकरा गाड्या. दुसऱ्या, डोंगराकडच्या बाजूस छापखान्याची भिंत आणि उघडा पाट. सभेला जागा हवी होती, आणि मंडळाची मोकळी खोली एकच होती, शिवणकामासाठी दिलेली. तुझी.

मी तीन दिवस कळवत राहिलो की खोलीत जंतुनाशकाची फवारणी झाली आहे. ते असत्य होते. खोली मी होती तशी ठेवली आहे: कात्री टेबलावर, टेप खुर्चीच्या पाठीवर, आणि चौथ्या मजल्यावरच्या नुर्झामालचा एका बाहीचा कोट पुतळ्यावर. पण मंडळाचा नियम असा की वर्षभर न वापरलेली खोली दुसऱ्या उपयोगासाठी काढून घ्यावी. हा नियम मीच लिहिलेला आहे, त्यामुळे त्यात पळवाट नाही. तू गेल्याला वर्ष या महिन्यात भरते.

नुर्झामालचा नवरा कैरोल्ला सध्या मंडळाचा अध्यक्ष आहे. पांढऱ्या जीपचा मालकही तोच. सभेआधी तो चहाला आला आणि साखर ढवळता ढवळता, गुरुजींना हाक मारावी तशा आदराने म्हणाला, "अगाय, मार्गिका वरच्या बाजूला गेली की आमच्या गाड्या वाचल्या. तुम्ही कागद तेवढा नीट लिहा, खोलीचं मी बघतो. माझ्या हातात वीस मतं आहेत."

मी त्याला हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आणखी एक कप चहा ओतला.

सभेला छत्तीस माणसे आली. दातांची डॉक्टर झारेमा, जी रोज सायकलने दवाखान्यात जाते, तिने सांगितले की वरच्या बाजूच्या पाटाला कठडा नाही, जरा तोल गेला की माणूस थेट पाण्यात. कैरोल्लाने तिला हळू चालवायचा सल्ला दिला आणि विचारले की तो वीस वर्षे जीप चालवतो आहे, तो कधी पाटात पडला का.

"तुमची जीप पाटात मावत नाही, कैरोल्ला-आगा," झारेमा म्हणाली. "मावली असती तर तेही झालं असतं."

पाटाविषयी थोडी माहिती मलाही होती. ती मी सभेपुढे ठेवली नाही.

एकोणीस विरुद्ध सतरा मतांनी वरची बाजू ठरली. सचिव मत देत नाही. मी तुझ्या कापडाच्या टेबलावर कागद ठेवून ठराव लिहिला: 'मार्गिका रस्त्याच्या दक्षिण बाजूस व्हावी.' कैरोल्लाने तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "दक्षिण? दक्षिणेला किर्गिझांचा देश आहे, अगाय. बोलतो तसं लिहा की."

पस्तीस वर्षे तू 'वरच्या दुकानातून साखर आणा' म्हणत होतीस आणि पस्तीस वर्षे मी 'दक्षिणेकडील' अशी दुरुस्ती करत होतो. तू म्हणायचीस, "डोंगर वर आहेत, पाणी खाली येतं. तुमची दक्षिण कुणी पाहिलीय?" हे सारे शहर तुझ्याच बाजूचे आहे, हे मला ठाऊक होते, तरी नकाशाशास्त्राच्या अध्यापकाने कुठेतरी पाय रोवलाच पाहिजे, असे मला वाटे. त्या दिवशी, का ते सांगता येत नाही, मी 'दक्षिण' खोडून 'वरच्या' असे लिहिले, आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली.

दप्तरातला लेखनदोष तो हाच.

आता दप्तरात नसलेला भाग. पुढच्या सोमवारी नगर-कार्यालयातून साउलेचा फोन आला. मी सपाट राजधानीत एक वर्ष शिकवायला गेलो होतो, तेव्हाची ही विद्यार्थिनी. आता येथे अभियंता होऊन आली आहे. उत्तरेचा बाण न काढल्याबद्दल मी तिला एकदा नापास केले होते. तिने विचारले, "अगाय, ठरावात 'वरची बाजू' लिहिलंय. नकाशात वर म्हणजे उत्तर, तुम्हीच शिकवलंत. मग तुमच्या इमारतीच्या बाजूला, बरोबर ना?"

एका शब्दाचे काम होते. 'दक्षिण' म्हटले असते तर कैरोल्लाच्या गाड्या वाचल्या असत्या आणि तुझी खोली माझ्याकडे राहिली असती. परंतु त्या वेळी माझ्यापुढे तुझ्या खणात सापडलेला कागद होता. दोन वर्षांपूर्वी तू दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्यास, की मार्गिका आपल्या बाजूस व्हावी. बासष्ट सह्या. माझी नाही. सचिवाने निःपक्षपाती असावे, असे कारण मी तेव्हा दिले होते.

मी साउलेला म्हणालो, "मी शिकवले ते बरोबरच होते."

फोन ठेवल्यावर तुझ्या कागदावर त्रेसष्टावी सही केली. तारीख त्याच दिवसाची घातली. मागची तारीख घालणे मला जमले नाही.

गेल्या गुरुवारी पहाटे रंगारी आले. कैरोल्लाची जीप जागेवर होती, म्हणून त्यांनी तिच्याभोवतीने रंगवले. तो सपाता घालून खाली आला, ओरडला, आणि जीप काढली. आता हिरव्या पट्ट्यात जीपच्या आकाराची डांबरी जागा उरली आहे. झारेमा ती वळसा घालून जाते आणि जाताना घंटी वाजवते.

काल पुन्हा सभा झाली, त्याच छत्तीस माणसांची. कैरोल्लाने दुरुस्तीचा अर्ज टंकलिखित करून आणला होता. त्याने मन मोठे केले. म्हणाला, लेखनदोष कुणाचाही होतो, अगायनी इथे सही करावी, कार्यालय पुन्हा रंगवून देईल. आणि त्याच कागदावर दुसरा ठराव, की खोली अगायकडेच राहावी. पेन त्यानेच उघडून दिले.

मी उभा राहिलो आणि सांगितले की दोष नव्हता. मला फोन आला होता, आणि मी काय उत्तर दिले तेही सांगितले.

मग कैरोल्ला म्हणाला, "चाळीस वर्षं तुम्ही आमचे स्वल्पविराम सुधारलेत, अगाय. आयुष्यात एकदाच लबाडी केलीत, आणि तीसुद्धा व्याकरणशुद्ध."

सभा हसली. मी हसलो नाही. वाक्य निर्दोष होते. फसवून मिळवलेली मार्गिका मला नको आहे, सभेने नव्याने मत घ्यावे, असे मी म्हणालो आणि सचिवपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. तेव्हा नुर्झामाल उठली. ती सभेत कधी बोलत नाही. पुतळ्यावरच्या आपल्या कोटाकडे पाहतच ती बोलली.

"ऐमांकुल त्या पाटात पडली, तेव्हा मी खिडकीत होते. मीच जाऊन तिला वर काढलं. गुडघा फुटला होता. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, यांना लाज वाटेल." आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमची जीप मागच्या अंगणात लावा. पायऱ्या उतरून जाल, पोट कमी होईल."

मार्गिका आहे तिथेच राहावी, अशी तेवीस मते पडली. कैरोल्लाने तोंड फिरवून हात वर केला; तो चोविसावा धरायचा की नाही, यावर वाद झाला. मी राजीनामा दिलेला असल्याने मत दिले नाही. खोलीवर मतदान झालेच नाही. नियम पुरेसा होता.

पाटात पडलीस त्या संध्याकाळी तू दारात उभी होतीस. चिंब भिजलेली, खांद्यावर अस्तराचे सहा मीटर कापड, एका हाताने सायकल धरलेली. माझ्या महाविद्यालयातले दोन सहकारी आत चहा घेत होते. मी हलक्या आवाजात विचारले, "कोणी पाहिले का?" तू म्हणालीस, कोणी नाही. गुडघ्याविषयी मला काल कळले, ऐमांकुल. सभेत, छत्तीस माणसांबरोबर.

आज खोली रिकामी केली. शिवणयंत्र झारेमाच्या सासूने नेले. तिथे आता बाबागाड्या आणि सायकली ठेवणार आहेत. नुर्झामालने कोट पुतळ्यावरून काढला, दुसरी बाही कोणाकडून लावून घेऊ असे मी विचारले, तर तिने तो तसाच अंगात घातला आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर गेली. कात्री मी घरी आणली आहे. तिचा मला काही उपयोग नाही.

लागले का, हे विचारायला दोन वर्षे उशीर झाला आहे. तरी विचारतो. फार लागले होते का?

तुझा,
दुलात

नोंद: दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दार कुलूपबंद केले. दोन्ही किल्ल्या मंडळाकडे परत दिल्या.