समुद्रापासून लांबची खोली

प्रिय बाळू,

सहा वर्षांत तुला एकदाही लिहिलं नाही, आणि आज बसलोय ते एका फॉर्मपायी. हसू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे अंदमानला चाललोय. तिथल्या रिसॉर्टवाल्यांनी फॉर्म पाठवलाय. तुझ्या तन्वीला समुद्रात उतरून, तोंडाला नळी लावून पाण्याखालचे मासे बघायचेत. स्नॉर्केलिंग म्हणतात त्याला. तेरा वर्षांच्या पोरीला घरच्या मोठ्या माणसाची सही लागते. ती सोमवार ते शनिवार माझ्याकडे बारामतीत असते, तिच्या प्रगतिपुस्तकावरही माझीच सही असते, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. उद्या सकाळी तो परत पाठवायचाय. मोबाइलवर बोटानं केलेली सही मला सही वाटत नाही, म्हणून मी तो कागदावर छापून आणलाय. तीन दिवस तो गणिताच्या पेपरांखाली पडून होता. आज बाहेर काढलाय.

बेटावर जायची कल्पना आमच्या ओंकारची. तुझा लाडका पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे, आणि नोकरी लागल्यापासून त्याला आम्हाला कुठं कुठं नेण्याची हौस सुटलीय. मी म्हणालो, महाबळेश्वरला जाऊ. तो म्हणाला, तिथं चारदा गेलोय. मी म्हणालो, पाचव्यांदा जाऊ. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही गप बसा, मला विमानात बसायचंय. घरात माझं किती चालतं ते तुला माहीतच आहे!

मग मी बुकिंगवाल्याला फोन केला. त्याला विचारलं, खोल्या समुद्रापासून किती लांब आहेत? तो खुशीत म्हणाला, सर, अगदी वाळूवरच आहेत, दार उघडलं की पाणी. मी म्हणालो, तसं नको, लांबची द्या. तो बिचारा म्हणाला, सर, लोक समुद्राजवळच्या खोलीसाठी भांडतात. मी म्हणालो, मी लांबच्या खोलीसाठी भांडतोय असं समजा. शेवटी त्यानं मागच्या बाजूची, नारळाच्या बागेतली खोली दिली. तिथून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मी म्हणालो, तेवढं चालेल.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर माझं नाव अण्णा कशाला राहिलं असतं? बोटीत माणसामागं एक जॅकेट असतं का, ते तन्वीच्या मापाचं असतं का, बोट चालवणाऱ्याला किती वर्षं झाली, तिथं डॉक्टर आहे का, किनाऱ्यापासून किती पावलांवर पाणी डोक्यावर जातं, असे सतरा प्रश्न मी वहीत लिहून काढले. ओंकारनं ती वही बघितली आणि म्हणाला, पप्पा, आपण फिरायला चाललोय का लढाईला? वहिनी तिकडं चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या किती दिवस टिकतील त्याचा हिशोब करतेय. तिला काळजी एवढीच, की तिथं सकाळसंध्याकाळ मासेच वाढले तर काय करायचं.

मला पाण्याची भीती का वाटते, हे तुला सांगायला हवं का रे?

उजनीच्या काठाला रान असलं की उन्हाळ्यात काय करावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. धरणाचं पाणी मागं सरकतं, आणि पाणी उपसायची मोटार त्याच्यामागं पुढं न्यावी लागते. आज इथं, पंधरा दिवसांनी शंभर पावलं पुढं. शाळेच्या नोकरीमुळं मी बारामतीत, आणि रान तुझ्या एकट्याच्या अंगावर. मी शनिवारी यायचो, बांधावर उभा राहून सूचना द्यायचो आणि रविवारी परत जायचो. तू एकदाही म्हणाला नाहीस, की अण्णा, सूचना पुरे, पाइप धरा.

त्या दिवशी दुपारी मी शाळेतून फोन केला होता. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो दिवसाच्या लाइटीचा शेवटचा दिवस होता. मी म्हणालो, उद्यापासून रात्रीची लाइट आहे, अंधारात पाण्यात उतरायला नको, मोटार आजच पुढं सरकव. तू म्हणालास, "करतो की अण्णा, हाय काय त्यात." एवढंच बोललास. पाणी कमरेइतकंच होतं, असं नंतर सगळे म्हणत होते. पण खाली धरणाचा गाळ होता. तुझ्यासारखा पट्टीचा पोहणारा, आणि पोहायला पाणीच नव्हतं. पाय रुतले, तू तोल जाऊन पडलास, आणि ओढून बाहेर काढायला आसपास कुणी नव्हतं.

एकदा तरी मला नाही म्हणायचंस! उन्हं उतरू देत म्हणायचंस, गडी आल्यावर बघतो म्हणायचंस. लहानपणापासून मी सांगायचं आणि तू करायचं. थोरल्या भावाचं ऐकायचं असतं हे तुला कुणी इतकं ठासून शिकवलं? मीच असेन. त्याचा राग येतो मला, आधी तुझा आणि मग माझा.

त्या फोनबद्दल मी कुणाला बोललो नाही. वहिनीलासुद्धा नाही. सगळ्यांना वाटत होतं की तू आपल्या मनानं मोटारीकडं गेलास. मीही तसंच वाटू दिलं. तेव्हापासून मी त्या काठावर पाऊल ठेवलेलं नाही, आणि तन्वीला पाण्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. शाळेची सहल कोकणात निघाली, मी तिला ताप आहे असं लिहून दिलं. गावाच्या तलावावर बाया गणपती सोडायला गेल्या, तिला मी घरी ठेवून घेतलं. ती रडली नाही. तिनं हट्टही केला नाही. ती अगदी तुझ्यासारखी ऐकते, बाळू, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

तुझ्या मनीषाचं सांगतो. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, रान वाट्यानं दे आणि बारामतीला ये. ती आली नाही. पोरीला शिकायला माझ्याकडं ठेवलं आणि स्वतः रानात राहिली. उन्हाळ्यात दोन गडी घेऊन तीच मोटार पुढं नेते. त्याच काठावर! गड्यांच्या कमरेला दोर बांधल्याशिवाय ती कुणाला पाण्यात उतरू देत नाही, असं ऐकतो. मी विचारलेलं नाही. दर शनिवारी भाजी घेऊन येते, पोरीच्या वह्या बघते, आणि तुझं नाव आमच्या दोघांत निघत नाही.

आता फॉर्मकडं येतो. त्यात एक प्रश्न आहे, पोहता येतं का? तन्वीनं पेन्सिलीनं 'हो' वर खूण केली होती. मला वाटलं, चुकून झाली असेल. मी ती खोडून 'नाही' वर केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर खूण परत 'हो' वर! मी तिला हाक मारली. म्हणालो, असल्या फॉर्मवर खोटं लिहायचं नसतं, जिवाशी खेळ आहे. ती मान खाली घालून म्हणाली, खोटं नाही अण्णा, मला येतं.

गेली तीन वर्षं, दर मे महिन्यात. निमगाव केतकीला मामाच्या विहिरीत. तिच्या आजोबांनी पाठीला डबा बांधून शिकवलं, आणि मनीषा काठावर उभी असायची. तुझ्या वहिनीला माहीत होतं. ओंकारला माहीत होतं. अख्ख्या घराला माहीत होतं, फक्त मला सांगायचं नाही असं ठरलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीतून पोरगी काळवंडून यायची, तर वहिनी मला सांगायची, पानमळ्यात हिंडली उन्हाची. आणि मी पोरांना त्रिकोण शिकवणारा माणूस, मला तीन वर्षं एवढं साधं कळलं नाही!

मी फार चिडलो. तन्वीवर नाही, पण घरात दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. काल मनीषा आली. भाजीची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती, आणि मी सुरू केलं. माझ्यापासून का लपवलं? विहिरीत काही झालं असतं तर? मला विचारावंसं वाटलं नाही? तिनं पिशवी ठेवली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अण्णा, तिला आयुष्यभर धरणाच्या काठाला ऱ्हायचंय. पान्याला भिऊन कसं चालंल? आन तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता."

मी म्हणालो, मनीषा, तुला माहीत नाही मी का भितो. आणि मग ते तोंडातून निघालंच. फोन, लाइट, आजच कर म्हणालो ते, सगळं. सहा वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते मी तुझ्या बायकोला ओट्यावर बसून सांगितलं. मला वाटलं ती उठून जाईल. मी तिच्याकडं बघूसुद्धा शकत नव्हतो.

ती उठली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय. तुमचा फोन मीच घेतला हुता. ह्ये जेवून आडवं झालं हुतं. मीच हलवून उठिवलं, म्हनलं, अण्णांचा फोन हाय, उठा."

मला हे आठवतच नव्हतं, बाळू. आधी तिनं फोन घेतला होता, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. मला फक्त तुझा आवाज आठवत होता.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी बोलला न्हाय, म्हून मी बी बोलली न्हाय. मला वाटायचं, तुमी मलाच दोष देत असाल."

म्हणजे बघ. ती तिकडं, मी इकडं, मधे तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता, आणि दर शनिवारी एकाच तव्यावरची भाकरी. दोघंही मनात त्याच एका दुपारचं गाठोडं घेऊन बसलो होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की ते आपलं एकट्याचं आहे. मी रडलो. पन्नाशी ओलांडलेला मास्तर, ओट्यावर, भाजीच्या पिशवीशेजारी बसून रडलो. ती रडली नाही. तिनं आत जाऊन पाणी आणून दिलं.

मग मी म्हणालो, तू आई आहेस, फॉर्मवर तूच सही कर, माझ्याच्यानं होणार नाही. तर म्हणाली, "मला करता आली असती. पर मग तुमी काठावर जीव मुठीत धरून बसला असता, आन तिचं समदं ध्यान तुमच्याकडंच लागलं असतं. तुमीच करा."

आज तन्वी, मनीषा आणि तुझी वहिनी, तिघी चपला आणि टोप्या घ्यायला बाजारात गेल्यात. घर रिकामं आहे. भीती गेली असं म्हणू का? गेलेली नाही. समुद्रात गाळ असतो का, हे मी सकाळीच बुकिंगवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वाळू असते, सर, पांढरी. तरी मी वहीत लिहून ठेवलंय, तिथं गेल्यावर आपण स्वतः बघायचं.

तुला एक विचारू? तुला माझा राग आला होता का रे त्या क्षणी? की मला हाक मारलीस? मी तेव्हा आठवीच्या वर्गावर होतो. मला काही ऐकू आलं नाही. कळलं असतं तर मी खडू टाकून पळत आलो असतो, एवढं तरी तुला माहीत असेल ना?

सही केली बघ. खालच्या ओळीत नातं विचारलंय. तिथं चुलता लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय, पण वाचता येतं.

आता तुला शब्द देतो. तन्वी पाण्यात उतरेल तेव्हा मी बागेतल्या खोलीत बसून राहणार नाही. किनाऱ्यावर उभा राहून तिला परत ये म्हणून ओरडणारही नाही. ती जितका वेळ मासे बघेल तितका वेळ बघू दे. तुला मी फोनवरून पाण्यात पाठवलं होतं. तिच्याबरोबर मी स्वतः उतरणार आहे.

तुझा
अण्णा