डोळ्यांसमोर खाल्लेला लाडू

६ जानेवारी २००३, शिरूर

सकाळीच सरांशी वाजलं. काल दौंडकडच्या एका गरोदर बाईने विचारलं होतं, "आमाला नुसती लोहाची गोळी आन् शिरूरकडं गोळीबरोबर लाडू. आमचं प्वाट काय येगळं हाय व्हय?" प्रश्न तसाच सरांपुढे ठेवला. प्रकल्प त्यांचा. म्हणाले, दोन्हीकडे सारखं दिलं तर रक्त कशाने वाढलं ते कळणार कसं? अभ्यास आहे हा, अन्नछत्र नाही. बरोबर असेल. माझं डोकं तापायचं ते तापलंच.

दुसरा वाद लाडवांचा. राजगिऱ्याचे. करते आमची गावसेविका सुनंदा, बौद्धवाड्यातल्या तिच्या घरी. खाणाऱ्या बहुतेक वरच्या आळीच्या, बागायतदारांच्या सुना. सरांचा हुकूम, कुणी विचारलं तर शिरूरहून येतात म्हणायचं. सुनंदाला सांगितलं तर हसली. "म्हंजी ताई, हात माझं आन् नाव शिरूरचं." मला हसू आलं नाही.

(गावाचं नाव इथेही लिहीत नाही. घोड नदीकाठचं, एवढं पुरे.)

१४ जाने.

नियम असा की लाडू घरी न्यायचा नाही. घरी नेला की नवरा खातो, उरला तर सासू. आमच्या डोळ्यांसमोर खायचा, मग कार्डावर टिक.

रेखा केंद्रावर येतच नाही, थेट सुनंदाच्या उंबऱ्यावर बसते. ही आबांची सून. आबा आमच्या गाव समितीचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, त्यांच्या शब्दाबाहेर गावात कुत्रं भुंकत नाही. रेखाचा सहावा सरत आलाय आणि रक्त सातच्या खाली. नखं पांढरीफटक. आज म्हणाली, "मला ठावं हाय लाडू कुठं हुत्यात ते. हितं गरम मिळतो, केंद्रावर गार झाल्याला दगूड." सुनंदाने हसून आणखी एक दिला. अभ्यासाच्या दृष्टीने चूक. मी दुसरीकडे बघितलं. भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

२३ जाने.

पुण्याहून पाहुणे. शाळेत प्रदर्शन. सरांनी हौसेने फलक लावला, 'लोकसहभाग', आणि मधोमध हातभर फोटो. सुनंदा लाडू वळतेय, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर! पाहुणे खूश.

सरांना बाजूला ओढलं. "काढा तो, आत्ताच्या आत्ता." तर म्हणे, "अहो, हाच तर आपला अभिमान." इतके दिवस आम्हाला खोटं बोलायला लावलं आणि आज स्वतःच दवंडी पिटली. शिकलेल्या माणसाला एवढी अक्कल नसावी?

मी चिकटपट्टी सोडवेपर्यंत विकास फलकापुढे उभा. आबांचा मुलगा, रेखाचा नवरा. फोटोखाली गुटख्याची पिंक टाकून गेला.

२४ जाने.

बोट सुजलंय, अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिणार.

सकाळी सुनंदाकडे. गुळाचा पाक उकळत होता, ती चुलीपुढे वाकलेली, रेखा उंबऱ्यावर लाडू खात. मी वजनकाटा आणायला जीपकडे गेले आणि मागून ओरडा. बरेच जण होते, विकास पुढे. "आमच्या बायका बाटवती का गं?"

पोचले तोवर कढई उलटलेली. पाक सुनंदाच्या उजव्या हातावर, दंडापासून मनगटापर्यंत. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो. ती बोटांनी खरवडायला गेली तर कातडी निघाली. तशात एकाने तिच्या कमरेत लाथ घातली. पडलेल्या बाईला! दुसरा पाइप घेऊन सुटला. माठ, डबे, शेवटी तसबीर.

लाथ घालणाऱ्याच्या थोबाडावर मी काटा हाणला. लोखंडी, वर उभं राहायचा. दात पडला असेल तर छान झालं. त्याने माझं बोट पिरगाळलं. बाहेर जीपच्या काचा फुटत होत्या. विकासने रेखाचे केस मुठीत धरले आणि फरफटत नेलं. पोटुशी बाई, तोंडात अजून घास.

आणखी एक हाणायला हवा होता.

२५ जाने.

दवाखाना. सुनंदाची पट्टी बदलताना तिने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. ओरडली नाही. काल संपलं असेल सगळं ओरडणं.

हवालदार जबाबाला आले. पाक कुणी ओतला? सुनंदाची पाठ होती, मी जीपशी. विकास म्हणतो, "आमी नुसतं इचारायला गेलो, ती सोताच घाबारली, कढई कलांडली." चोराच्या उलट्या बोंबा. बघणारी एकच, रेखा. तिला घरात कोंडून ठेवलंय.

संध्याकाळी सर. "गाव आपला भागीदार आहे. केस झाली तर आजूबाजूची गावंही दारं लावतील. नुकसान गरीब बायकांचंच." मी म्हटलं, आत भाजून पडलीय ती कोण, श्रीमंत? जाताना जीपच्या काचांचा खर्च

नको. लिहीत नाही. तिडीक जाते डोक्यात.

२८ जाने.

आबा माझ्या खोलीवर. पांढरीशुभ्र टोपी, हातात केळी. "ताई, तुमी आपल्यातल्याच. आपलेच दात, आपलेच ओठ. पोरांचं रगात गरम आसतं, इसरून जावा."

"आबा, पोरांचं रक्त गरम आणि सुनेच्या अंगात रक्तच नाही, हे कसं हो?"

केळी त्यांच्या हातात परत दिली. दारात थांबून म्हणाले, "यवतची हवा चांगली म्हणत्यात. मानवंल तुमाला."

२९ जाने.

बदलीचं पत्र. एक तारखेपासून यवत केंद्र. आबांना माझ्याआधी माहीत होतं, म्हणजे भागीदारी पक्की आहे.

आधी पोलीस ठाण्यात गेले. लाथ, पाइप, जीप, रेखाची फरफट, जे बघितलं त्याखाली सही केली. ठाण्याबाहेर सुनंदा वाट बघत होती. "ताई, तुमी केली ना? मग मी बी करते." तिने अॅट्रॉसिटीच्या तक्रारीवर डाव्या हाताने सही केली. तिच्या नवऱ्याला ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलंय, कालच.

हवालदार म्हणाले, पाकाचं रेखावर अवलंबून. "पन नवऱ्याइरुद्ध कोन बोलतंय?"

३१ जाने.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, पट्टी बदलायला आलेल्या सुनंदाबरोबर बसले होते. रेखा आली, सासूबरोबर. काल चक्कर येऊन पडली म्हणून आणावंच लागलं. ओठ फाटलेला, डोळ्याखाली हिरवंनिळं. सासूने आम्हाला बघून तोंड फिरवलं. रेखा सरळ समोर येऊन उभी राहिली.

"सुनंदाताई, लाडू हाय का?"

होते पिशवीत. एका हाताने वळलेले, वेडेवाकडे. सुनंदाने लगेच काढला नाही. पट्टीचा हात पुढे केला. "आदी ह्यो बघ."

रेखाने बघितला. मान खाली घातली नाही. मग सुनंदाने लाडू दिला.

सासूने झडप घालून हातावर फटका मारला. लाडू फरशीवर, तुकडे तुकडे. रेखा त्या पोटासकट खाली बसली आणि वेचून खायला लागली. सासू दंड ओढतेय, पाठीत बुक्के घालतेय, ही खातेय. मी सासूचा हात धरला, जरा जास्तच जोरात धरला. रेखाने शेवटचा कण गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, समोर खाल्ला. लिवा."

त्या गावातला अभ्यास बंद झालाय, कार्ड कुठलं? तिच्या तळहातावर पेनने टिक केली. तिने मूठ मिटली.

सासू ओढून नेत होती तेव्हा सुनंदा मागून म्हणाली, "रेखा, उद्या हवालदार तुझ्या घरी येणार हाय. कढईचं इचारंल त्यो." रेखा वळली. काहीतरी म्हणणार होती, तोवर सासूने जिन्यावरून खाली नेलं.

उद्या मला यवतला हजर व्हायचंय. यवत कुठे पळून जात नाही. सकाळी हवालदाराच्या आधी आबांच्या दारात जाणार. सातवा लागलाय तिला, वजन घ्यायचं राहिलंय. काटा बरोबर नेणार.