पाणी आहे तिथंच आहे

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. वहिनीची पाठ आता बरी आहे असं कानावर आलं. कानावर म्हणजे, तू रविवारी फोन करतोस तेव्हा आई मुद्दाम स्पीकर लावते आणि मला म्हणते, तू तुझं काम कर. मी इस्त्री बंद करून ऐकत बसते. सात वर्षं तुझा आवाज मला असाच मिळतोय. तू माझी चौकशी करत नाहीस, आणि मीही पुढे येत नाही.

बातमी अशी, की विहिरींची मोजणी पुन्हा सुरू झालीय. नगरपालिकेनं गेल्या महिन्यात तीन वर्षांचा निधी मंजूर केला. चौतीस विहिरी आणि बोअर, दर महिन्याला. दवाखान्यामागची, शाळेच्या आवारातली, सगळ्या तू मोजायचास त्याच. आता ओली खूण दिसावी म्हणून टेपला खडू चोळावा लागत नाही. पाण्याला टेकली की टेप शिट्टी मारते. मोजायला एक मुलगी नेमलीय. कामाला चोख, पण बोलत नाही. दवाखान्याचा पहारेकरी तिला म्हणाला, आधीचे साहेब पाण्याआधी माझ्या नातवाच्या पोटदुखीची चौकशी करायचे.

हे सगळं तुला आईनंही सांगितलं असतं. मी पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि अर्धं पान झालं तरी तिला बगल देतेय.

डिसेंबरात पाणी खात्याच्या इंजिनिअरबाई आपल्या लाँड्रीत आल्या. हातात तुझी जुनी वही. आपल्या बोअरचं पान उघडून त्यांनी विचारलं, या नोंदीनंतर पंप आणखी कितीदा खाली सोडला? मी बघितलं. अक्षर तुझं. तारीख सात वर्षांपूर्वीच्या त्या सभेच्या आदल्या दिवसाची. पाणी तेवीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर, वर्षात सहा मीटर उतरलेलं. आणि समासात बारीक अक्षरात, "पंप आजच खाली सोडलेला दिसतो."

दादा, मला वाटत होतं, तुला माहीत नाही. त्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावून मी गुपचूप पंप खाली सोडून घेतला आणि हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले. तू मागाहून येऊन मोजून गेलास, हे मला कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत मोजणीचा निधी चालू ठेवायचा की नाही, यावर बोअरवाल्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा मीच आधी उठले. "पाणी आहे तिथंच आहे. दुखणं नसताना रोज थर्मामीटर कशाला लावायचा?" सभागृह हसलं. हशा मिळाला तशी मी आणखी चार वाक्यं ठोकून दिली. मोजणी चालू राहिली तर उपशावर बंधनं येणार, लाँड्री बसणार, याची धास्ती होती. तू तिसऱ्या रांगेत होतास, वही मांडीवर. एक ओळ वाचली असतीस तर मी तोंडघशी पडले असते आणि तुझी नोकरी वाचली असती. तू वही उघडली नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडे उत्तरच नाही. महिन्याभरात तुझी जागा गेली, तू आणि वहिनी सामान बांधून गेलात, आणि मी लोकांना सांगत राहिले, आमचा दादा पहिल्यापासून मानी.

बाईंना मी म्हणाले, "तीनदा."

जानेवारीच्या सभेत मी पुन्हा उभी राहिले. लोकांना मी आठवत होते. पुढच्या रांगेतले दोघं हसायला तयारच होते. मी म्हणाले, "सात वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोलले. पाणी तेव्हाच उतरलं होतं. मोजणाऱ्याला ते माहीत होतं. तो माझा भाऊ, म्हणून गप्प बसला. आता माझ्यावर दया नको. मोजा." कुणी हसलं नाही. दोन मतांनी ठराव पास झाला.

बोअरला मीटर बसलंय. पंप दिवसाला चारच तास. हॉटेलचं काम सोडलं, दोन मशिनं झाकून ठेवलीत, शनिवारी लाँड्री बंद. पोटापुरतं निघतं. आईला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातातला टॉवेल घडी घालून पुन्हा उलगडत राहिली. मग म्हणाली, "त्याला कळव. मला सांगून काय उपयोग?"

तुझी जागा तुला परत मिळतेय, असं लिहिता आलं असतं तर हे पत्र केव्हाच गेलं असतं. तसं काही नाही. देण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. मशिनात चादर गुंडाळली की अजून "दादा" म्हणून हाक मारायला तोंड उघडतं, एवढंच.

आईच्या डायरीतून तुझा पत्ता उतरवून घेतलाय. बावीस तारखेच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी पायरीवर बसेन. उघडलंस तर बोल. त्या दिवशी बोलला नाहीस ते सगळं बोल, हवं तेवढं मोठ्यानं, वहिनीसमोर, शेजाऱ्यांसमोर. मी मध्ये तोंड घालणार नाही.

तू पाठीशी घातलेली,
भिंगरी